निराधारांसाठीच्या संस्थांचे नेतृत्व: आयुष्यभराचे काम म्हणून याकडे कसे पाहावे?

सांजवेळ यांचा धागा

निराधार मुले, घर सोडावे लागलेल्या स्त्रिया, मानसिक आजाराने ग्रासलेली माणसे आणि एकाकी वृद्ध यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. सुरुवातीला मी कार्यकर्ती होते आणि नंतरचा मोठा काळ संस्थाप्रमुख होते. आता पदावरून मोकळी झाल्यावर जी तरुण मंडळी भेटतात, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: अशा संस्थांचे नेतृत्व करिअर म्हणून निवडता येते का, आणि येत असेल तर त्याची तयारी कशी करायची? प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा येथे सविस्तर लिहावे आणि या क्षेत्रातील इतरांनी त्यात भर घालावी, या विचाराने हा धागा काढत आहे.

निवडता येते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मनात कणव असली की संस्था चालवता येते, हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. रडणाऱ्या मुलाला शांत करू शकणारी व्यक्ती रात्रपाळीचे वेळापत्रक, पगारपत्रक, विश्वस्तांची बैठक आणि पोलीस ठाण्यातून आलेला फोन हे सगळे एकाच दिवशी निभावू शकेलच असे नाही. उत्तम कार्यकर्त्याला बढती देऊन प्रमुख करायचे आणि मग त्याला वाऱ्यावर सोडायचे, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्यात संस्थेला चांगला प्रमुख तर मिळत नाहीच, शिवाय हातचा चांगला कार्यकर्ताही जातो.

या कामातला मुख्य पेच पैशाच्या वाटेत आहे. व्यापारात ज्याला माल पटत नाही तो गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातो, आणि दुकानदाराला आपले कुठे चुकते आहे हे गल्ल्यावरून आपोआप कळते. आमच्याकडे पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. अंथरुणाला खिळलेल्या ज्या वृद्धेला रात्री पाणी द्यायला कोणी उठत नाही, ती संस्था सोडून कुठे जाणार? देणगीदाराला हे कळण्याचा मार्ग नसतो, कारण तो दिवसा येतो, आधी कळवून येतो आणि तेव्हा सगळे स्वच्छ असते. विश्वस्तांपुढे येतो तो अहवाल, आणि अहवालात राहणाऱ्यांची संख्या असते, रात्री कोरडा पडलेला घसा नसतो. म्हणून ही बातमी वरपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था मुद्दाम उभी करणे, हे मी प्रमुखाचे पहिले काम मानते. निधी उभारणे, ओळखी ठेवणे, भाषणे करणे हे सगळे त्यानंतरचे.

याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण बांगलादेशातील आहे. फझले हसन आबेद हे शेल कंपनीत हिशेब आणि वित्त विभागात वरिष्ठ पदावर होते. १९७० चे चक्रीवादळ आणि १९७१ चे युद्ध यांनंतर त्यांनी १९७२ मध्ये 'ब्रॅक' ही संस्था सुरू केली. जुलाबाने मरणारी मुले वाचवण्यासाठी चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण घरीच कसे करायचे, हे १९८० ते १९९० या दशकात संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना शिकवत होत्या. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत त्या पोहोचल्या. परंतु कार्यकर्तीचे वेतन तिने किती घरांना भेट दिली यावर ठरत नसे. काही काळाने दुसरीच व्यक्ती त्यांतील काही घरांत जाऊन आईला काय आठवते आहे हे तपासत असे आणि त्यानुसार कार्यकर्तीला पैसे मिळत. सुरुवातीला आयांना सगळे मुद्दे पाठ होते, पण प्रत्यक्ष वापर फारच कमी होता. कारण शोधले तेव्हा आढळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या मिश्रणावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना कोणी विचारात घेतलेच नव्हते. मग प्रशिक्षण बदलले आणि गावातील पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. 'इतक्या आयांना शिकवले' एवढा आकडा छापून ही संस्था सहज थांबू शकली असती, आणि कोणत्याही देणगीदाराने तक्रार केली नसती.

तयारीबद्दल विचाराल तर हॉस्पिसची, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहाची, आधुनिक कल्पना रुजवणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचा प्रवास पाहावा. त्या आधी परिचारिका झाल्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि तिशी उलटल्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. एका मरणासन्न रुग्णाने १९४८ मध्ये त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते. लंडनमधील सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस प्रत्यक्षात सुरू झाले ते १९६७ मध्ये. मधली सुमारे दोन दशके त्यांनी वेदनाशमनाचा अभ्यास केला, माणसे जोडली, निधी जमवला आणि आराखडे बनवले. आज कोणी दोन वर्षांत संस्था 'उभी' करायची म्हणते, तेव्हा मला या दोन दशकांची आठवण होते.

पैसा, वेतन, विश्वस्तांशी संबंध आणि पद सोडणे या विषयांवर आपले अनुभव वाचायला आवडतील.

ताळेबंद

सांजवेळताई, उत्तम धागा. मी बरीच वर्षे सेवाभावी संस्थांची हिशेबतपासणी करतो आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूबद्दल थोडे लिहितो.

संस्थाप्रमुख होऊ इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम बांधील निधी आणि मुक्त निधी यांतील फरक अंगवळणी पाडून घ्यावा. वर्षाला मोठी रक्कम येत असूनही कर्मचाऱ्यांचे पगार थकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत, कारण आलेला बहुतेक पैसा ठरावीक प्रकल्पाला बांधलेला असतो. गाडी घ्यायला पैसे मिळतात, पण चालकाच्या पगाराला मिळत नाहीत. अशा वेळी एका प्रकल्पाचे पैसे 'तात्पुरते' दुसरीकडे वळवण्याचा मोह होतो, आणि तेथूनच तोंडमिळवणीचा न संपणारा खेळ सुरू होतो. तीन ते सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा राखीव निधी हाताशी असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो ठेवला की देणगीदार विचारतात, 'तुमच्याकडे पैसे शिल्लक आहेत, मग आम्ही का द्यावेत?' या प्रश्नाला न संकोचता उत्तर देता येणे, हे प्रमुखाच्या कौशल्यांपैकी एक आहे.

लंडनमधील 'किड्स कंपनी' या संस्थेचे प्रकरण या दृष्टीने प्रत्येकाने अभ्यासावे. उपेक्षित मुलांसाठी १९९६ मध्ये सुरू झालेली ही संस्था अतिशय प्रसिद्ध होती आणि तिच्या संस्थापिकेच्या प्रभावामुळे सरकारी अनुदानही मोठे मिळत होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ती अचानक बंद पडली. त्याच्या काहीच दिवस आधी तिला सरकारकडून ३० लाख पौंड मिळाले होते. त्याच सुमारास मुलांच्या सुरक्षिततेबाबत झालेल्या आरोपांची पोलीस चौकशी झाली आणि त्यात पुरावा आढळला नाही. संस्थापिका आणि विश्वस्त यांना अपात्र ठरवण्याची मागणी न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. पुढच्या वर्षी धर्मादाय आयोगाने मात्र देणी वेळेवर न भागवल्याबद्दल गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला. म्हणजे कोणी पैसे खाल्ले नव्हते. मागणी वाढत गेली, दारात आलेल्या एकाही मुलाला नाही म्हणायचे नाही हे धोरण राहिले, आणि गंगाजळी मात्र कधी साठलीच नाही. ज्या मुलांनी त्या संस्थेवर भरवसा ठेवला होता, त्यांच्यासाठी दार एका दिवसात बंद झाले.

प्रशासकीय खर्चाबद्दल एक गोष्ट सांगतो. संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनी २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून खुले पत्र काढले आणि केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेचा दर्जा ठरवू नये, असे सांगितले. याच संस्थांच्या माहितीवरून लोक ती टक्केवारी पाहायला शिकले होते, म्हणून या पत्राला वजन आहे. हिशेबनिसाचा पगार, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, नवीन माणूस घेताना त्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी हे सगळे 'प्रशासकीय' रकान्यात जाते, आणि मुलांची सुरक्षितता नेमकी याच खर्चावर अवलंबून असते.

पहाटवारा

मी सध्या खासगी क्षेत्रात आहे आणि या क्षेत्रात येण्याचा गांभीर्याने विचार करतो आहे. एक प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारतो. पगार मागणे या क्षेत्रात कमीपणाचे मानले जाते का? घरी आईवडील आहेत, कर्ज आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाला आहेस, असे नातेवाईक आताच म्हणू लागले आहेत.

सांजवेळ

पहाटवारा, संकोच करू नका. हा प्रश्न विचारलाच पाहिजे. महर्षी कर्व्यांचे उदाहरण आपल्याकडे त्यागाचे म्हणून सांगितले जाते आणि ते तसे आहेच. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, आणि ती नोकरी त्यांनी १९१४ पर्यंत केली. संसाराची सोय दुसरीकडून होती म्हणून संस्थेकडून काही न घेता काम करणे त्यांना शक्य झाले. ज्याच्याकडे अशी सोय नाही त्याच्याकडून तोच त्याग मागितला, तर या पदांवर केवळ खाऊनपिऊन सुखी घरांतील माणसेच येतील. गरिबी स्वतः पाहिलेल्या माणसाला तेथे जागा उरणार नाही. मी ज्या संस्थांची प्रमुख होते तेथे मी पगार घेतला, तो किती आहे हे सर्व कर्मचाऱ्यांना माहीत होते, आणि सर्वांत कमी पगार घेणाऱ्या मावशींच्या पगाराशी त्याचे प्रमाण किती असावे हे विश्वस्तांनी ठरवून दिले होते. पगार गुप्त ठेवला की संशय वाढतो. खासगी क्षेत्राइतका पगार येथे मिळणार नाही, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

उंबरठा

मी या धाग्यावर वेगळ्या बाजूने लिहीत आहे. माझे बालपण एका संस्थेत गेले. संस्थेचे नाव सांगणार नाही, कारण तेथे मला शिक्षण मिळाले, पोटभर जेवण मिळाले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

परंतु पाहुणे येण्याचा दिवस मी विसरू शकत नाही. त्या दिवशी आम्हाला पेटीतून काढलेले कपडे मिळत आणि पाहुणे गेल्यावर ते परत पेटीत जात. आम्ही रांगेत उभे राहून स्वागतगीत म्हणत असू. मग कोणीतरी अधिकारी आमच्यापैकी एकाला पुढे बोलावून, हा कुठे सापडला, याचे आईवडील कसे गेले, हे आमच्या सगळ्यांसमोर पाहुण्यांना सांगत असे. पाहुण्यांचे डोळे भरून येत, आणि त्या मुलाला मान खाली घालून उभे राहावे लागे. आमच्या वयाची त्यांची मुले आमच्याकडे बघत असत, ते सर्वांत जास्त लागायचे.

पुढे एक नवे अधीक्षक आले. त्यांनी भाषण केले नाही की नियमावली लावली नाही. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी आम्हा मोठ्या मुलांना खोलीत बोलावून त्यांनी विचारले, 'उद्या काय दाखवायचे आणि काय नाही, हे तुम्ही सांगा.' बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, 'माझी गोष्ट सांगू नका.' ते फक्त 'बरं' म्हणाले आणि त्यानंतर कोणाचीच गोष्ट सांगितली गेली नाही. पाहुण्यांना आम्ही शेती आणि सुतारकामाचे शेड दाखवू लागलो. देणग्या कमी झाल्या का, हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. संस्था मात्र चालू राहिली.

नेतृत्वाची चर्चा वाचताना मला वाटते की विश्वस्त मंडळात त्याच संस्थेतून बाहेर पडलेली दोन तरी माणसे असावीत, आणि ती शोभेपुरती नसावीत.

ताळेबंद

उंबरठा, आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. एक अडचण मांडतो, आपल्या अनुभवाला छेद देण्यासाठी नव्हे. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या संस्थापिका एग्लंटाइन जेब यांना १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रके वाटल्याबद्दल अटक झाली, तेव्हा त्या पत्रकांवर पहिल्या महायुद्धात शत्रू असलेल्या ऑस्ट्रियातील उपासमार झालेल्या मुलांची छायाचित्रे होती. त्यांना ५ पौंड दंड झाला. ती रक्कम सरकारी वकिलानेच त्यांना देऊ केली आणि ती 'सेव्ह द चिल्ड्रन'ची पहिली देणगी ठरली, असे सांगितले जाते. शत्रूच्या मुलांबद्दल लोकांच्या मनात कणव जागवायला चित्राखेरीज दुसरे साधन तेव्हा नव्हते. आजही चित्र दाखवले नाही तर हात आखडता घेतला जातो, असे निधी उभारणारे सांगतात. मग प्रमुखाने रेषा कुठे आखावी?

सांजवेळ

उंबरठा, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ताळेबंद यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर माझी व आमच्या निधी विभागाची वर्षानुवर्षे वादावादी झाली. जेब यांच्या पत्रकावरील मूल एका दूरच्या देशात होते आणि संकट तातडीचे होते. आमची मुले त्याच गावातील शाळेत जातात आणि त्यांचे छायाचित्र वर्गमित्राच्या घरी वर्तमानपत्रात पोहोचते. मी आखलेली रेषा अशी होती, की चेहरा आणि कहाणी एकत्र द्यायची नाही. सज्ञान माणसाची संमती घ्यायची आणि ती कधीही मागे घेता येईल हे त्याला सांगायचे. आणि मुलाच्या बाबतीत, तो पंचवीस वर्षांचा झाल्यावर हा मजकूर त्याच्या कार्यालयातील सहकाऱ्याने वाचला तर चालेल का, हा प्रश्न प्रत्येक पत्रकापूर्वी विचारायचा. एका मोठ्या देणगीदाराने यावरून आमच्याशी संबंध तोडले. विश्वस्त पाठीशी उभे राहिले म्हणून ते निभावले. संस्थेतून बाहेर पडलेल्यांना मंडळात घेण्याच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यांना कागदपत्रे आधी मिळाली पाहिजेत आणि बैठकीसाठी बुडणाऱ्या रोजाची भरपाईही मिळाली पाहिजे.

रातराणी

मी काळजीवाहक म्हणून काम करते, रात्रपाळीच जास्त. एवढेच सांगते, की आमच्या आधीच्या मॅडम अधूनमधून न कळवता रात्री येऊन बसत असत. रजिस्टर तपासायला नाही; चहा घेत, कोण झोपले नाही ते विचारत. एका आजींना डायपर बदलताना दोघी लागतात आणि पाळीला मी एकटीच असते, हे त्यांनी तेव्हा बघितले, आणि पुढच्या महिन्यात दुसरी बाई मिळाली. आम्ही हे आधी लिहून दिले होते, पण तो अर्ज कुठे घोडे पेंड खात बसला होता कोण जाणे.

मध्यस्थ

मी दोन संस्थांचा विश्वस्त आहे. प्रमुख आणि विश्वस्त मंडळ यांच्या नात्याबद्दल वर फारसे आले नाही, म्हणून लिहितो.

प्रमुखाला मंडळाकडून कौतुक हवे असते आणि मंडळाला प्रमुखाकडून चांगल्या बातम्या हव्या असतात. दोघांचीही ही इच्छा पूर्ण होत राहिली की संस्था धोक्यात येते. हैतीमध्ये २०१० च्या भूकंपानंतर मदतकार्यासाठी गेलेल्या ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची संस्थेने २०११ मध्ये अंतर्गत चौकशी केली होती. परंतु ते प्रकरण त्याच्या खऱ्या स्वरूपात जगापुढे आले ते २०१८ मध्ये, वृत्तपत्रामुळे. त्यानंतर हैती सरकारने ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेची परवानगी काढून घेतली आणि ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०१९ मध्ये संस्थेला अधिकृत ताकीद दिली. संस्थेचे नाव जपायचे की दुर्बल माणसाला जपायचे, असा प्रश्न प्रत्यक्षात इतक्या स्वच्छ शब्दांत समोर येत नाही. 'आत्ताच बाहेर गेले तर देणग्या थांबतील आणि हजारो लोकांची मदत बंद होईल,' अशा सभ्य रूपात तो येतो, आणि म्हणूनच त्याला बळी पडणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. आमच्या एका संस्थेत आता असा नियम आहे, की गैरवर्तनाची कोणतीही तक्रार प्रमुखाच्या हातून न जाता थेट एका नेमलेल्या विश्वस्ताकडे येते. प्रमुखावर अविश्वास म्हणून हा नियम केलेला नाही. आमच्या प्रमुखांनीच तो मागितला होता.

दुसरा प्रश्न सांजवेळताईंना आहे. संस्थापकाने किंवा दीर्घकाळच्या प्रमुखाने पद सोडणे हे मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांत वेदनादायक झाले. आबेद २००१ मध्ये कार्यकारी पदावरून बाजूला झाले, पण अध्यक्ष म्हणून २०१९ पर्यंत राहिले. हे आदर्श मानावे का?

सांजवेळ

मध्यस्थ, तक्रार प्रमुखाच्या हातून जाऊ नये, हा नियम प्रत्येक संस्थेने घ्यावा असा आहे.

आबेद यांच्या बाबतीत ती व्यवस्था चालली. सरसकट मात्र मी ती सुचवणार नाही. जुना प्रमुख मंडळात बसलेला असला की कर्मचारी अडचण घेऊन त्याच्याकडेच जातात, आणि नव्या प्रमुखाचा शब्द हलका होतो.

मी पद सोडण्याचे ठरवले तेव्हा विश्वस्तांना दोन वर्षे आधी कळवले. त्या काळात बँकेतील सह्यांचे अधिकार टप्प्याटप्प्याने दुसऱ्यांकडे दिले. जे देणगीदार फक्त माझ्या ओळखीने देत होते, त्यांची यादी केली आणि प्रत्येकाकडे उपप्रमुखाला बरोबर घेऊन गेले, म्हणजे पुढचा फोन कोणाला करायचा हे त्यांना कळावे. सर्वांत वेळ गेला तो राहणाऱ्यांच्या बाबतीत. काही स्त्रिया केवळ माझ्याशीच बोलत. त्यांच्यासाठी संस्था म्हणजे मीच होते, आणि एवढे अवलंबित्व निर्माण होऊ देणे त्यांच्या हिताचे नसते. त्यांच्या समुपदेशनाच्या भेटींत दुसरी कार्यकर्ती माझ्याबरोबर बसू लागली, मग हळूहळू मी बसणे कमी केले. एका बाईंनी त्यामुळे माझ्याशी बोलणेच सोडले आणि नव्या कार्यकर्तीशी बोलायला त्यांना बरेच महिने लागले, पण त्या बोलू लागल्या.

निरोप समारंभानंतर वर्षभर मी संस्थेत पाऊल ठेवले नाही, सल्लागार व्हा ही विनंतीही नाकारली. नव्या प्रमुखाने त्या काळात माझ्या आवडीचा एक उपक्रम बंद केला आणि त्याचा निधी रात्रपाळीच्या माणसांकडे वळवला. मला कोणी विचारले नाही, आणि विचारायला नकोच होते.

पहाटवारा, आपल्याला या क्षेत्रात यायचे असेल तर थेट प्रमुखपदाच्या जाहिराती पाहू नका. जवळच्या एखाद्या संस्थेत आधी हिशेबाचे किंवा निवासी विभागाचे काम घ्या आणि काही महिने तरी रात्रपाळी करा. रातराणी यांच्यासारख्या कोणाच्या हाताखाली करता आली तर फारच चांगले.